पश्चिमेची तार

मित्रांनो, मी एक जुनी पवनचक्की आहे. केशोरीवरून जंगलाच्या कडेकडेने जाणारा रस्ता जिथे संपतो, तिथल्या एका टोल्यावर मी उभी आहे. टोला म्हणजे मोठ्या गावापासून सुटून राहिलेली लहानशी वस्ती. नावात चक्की असली तरी मी कधी चिमूटभर पीठ दळलेले नाही, आणि आता तर कित्येक वर्षांत मी फिरलेलीही नाही. मी नुसती उभी आहे. नुसत्या उभ्या असणाऱ्याने काय सांगावे, असे तुम्हाला वाटेल. पण मला सांगायचे आहे, आणि आजच सांगायचे आहे. वैशाख लागला आहे आणि दुपार कलली की पश्चिमेला ढग दिसू लागले आहेत.

माझा जन्म नागपूरच्या बाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी पट्ट्या जोडून माझा उंच खांब तयार केला. खांबाच्या डोक्यावर वीज तयार करणारे यंत्र बसवले आणि त्याला तीन पाती लावली. मागे पत्र्याचे एक रुंद शेपूट होते. ते दिसायला गमतीचे, पण त्याचे काम मोठे. वारा जिकडून येईल तिकडे माझे तोंड वळवायचे, आणि वारा फारच चढला तर मला त्याच्या समोरून बाजूला फिरवून वाचवायचे. हे शेपूट लक्षात ठेवा, पुढे त्याचे काय झाले ते सांगणार आहे.

तो काळ पवनचक्क्यांच्या भरभराटीचा होता. तिकडे साताऱ्याच्या पठारावर माझ्या थोरल्या बहिणी रांगेने उभ्या राहत होत्या. शेडमधले कामगार डबा खाताना त्यांच्याच गोष्टी करत. मोठमोठे उद्योगवाले त्यांच्यात पैसा घालत होते, कारण पवनचक्की घेतली की करात भलीमोठी सूट मिळे. वारा किती आणि वीज किती, हा विचार पुष्कळांच्या मनात नंतर येई. मी त्या मानाने अगदीच धाकटी. जिथे विजेचे खांब पोचले नाहीत अशा खेड्यांसाठी मला बनवले होते, आणि माझ्या किमतीचा मोठा वाटा सरकार देणार होते. त्याचीही एक रीत होती. मी उभी राहिले आणि माझा फोटो निघाला की कंपनीला पैसे मिळत. त्यानंतर मी किती फिरते, हे कुणी विचारणार नव्हते. माझे उभे राहणे हा कंपनीचा धंदा होता आणि माझे फिरणे ही गावाची काळजी होती. मला हे फार उशिरा कळले.

माझी जागा ठरली २००३ सालच्या जानेवारीत. खरे म्हणजे पवनचक्की लावण्याआधी तिथला वारा वर्षभर मोजायचा असतो. वारा दुप्पट झाला तर वीज दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि वारा निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. म्हणून वाऱ्याच्या बाबतीत अंदाज चालत नाही. पण वर्षभर मोजायला वेळ लागतो आणि पैसाही लागतो, आणि कंपनीच्या साहेबांना मार्चच्या आत फोटो हवा होता. त्यांनी टोल्यावर जीप थांबवली आणि लोकांनाच विचारले, "तुमच्याकडे वारा सगळ्यात जास्त कुठे असतो?"

तेव्हा टोल्यावर धान उफणणे चालले होते. माणसे धानाने भरलेले सूप उंच धरत आणि हळूहळू रिकामे करत. वाऱ्याने काडीकचरा बाजूला उडून जाई आणि दाणा पायाशी पडे. यासाठी जो तो आपले खळे वारा लागेल अशा उंचवट्यावर करतो. सगळ्यांत चांगला उंचवटा केवळरामचा होता. केवळराम हा पन्नाशीतला धानाचा शेतकरी. थोडी जमीन स्वतःची, थोडी ठेक्याने घेतलेली. त्याने सूप खाली ठेवले आणि अभिमानाने आपल्या खळ्याकडे बोट दाखवले.

"साहेब, ह्या जाग्यावानी वारा साऱ्या इलाख्यात नाई. सूप उचललं का वारा हजर!"

आजूबाजूच्या बायामाणसांनी माना डोलावल्या. कुणीही खोटे बोलले नव्हते. वारा तिथे खरोखरच होता. पण मित्रांनो, धानातला कचरा उडवायला जेवढा वारा पुरतो, तेवढ्या वाऱ्यात माझे पाते जागचे हलत नाही. टोल्याने उफणायचा वारा दाखवला आणि साहेबांनी तो पवनचक्कीचा वारा समजून मान्य केला. त्यांना घाई होती. केवळरामला तर आपल्या खळ्यावर एवढे मोठे यंत्र येणार याचाच आनंद झाला होता.

मला उभी करायला गोंदियाजवळच्या फुलचूरहून मुन्नालाल नावाचा फिटर आला. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून तो हिंदीत बोलायचा. माझा खांब एकट्याच्या बळावर उभा राहू शकत नाही. चारी दिशांना चार जाड तारा ओढाव्या लागतात आणि त्या जमिनीत पुरलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांना पेचाने कसाव्या लागतात. मुन्नालालने चारही तारा कसल्या. मग हातातल्या पान्ह्याने प्रत्येक तारेवर हलकेच मारून तिचा आवाज ऐकवला. चारी आवाज सारखेच होते.

"देखो भैया," तो केवळरामला म्हणाला, "चार तार हैं, चारों कसी रहनी चाहिए. एक ढीली हुई तो बाकी तीनों दुश्मन."

जाताना तो पान्हा त्याने केवळरामच्या हाती दिला. केवळरामची बायको वच्छलाबाई शेजारीच उभी होती. तिनेही तो आवाज ऐकला आणि ते शब्दही ऐकले.

आता मी कुठे उभी आहे ते नीट समजून घ्या. माझ्या पश्चिमेला रस्ता आणि रस्त्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते आहेत, मोकळी, झाड नसलेली. माझ्या पूर्वेला, अगदी खळ्याला लागून, केवळरामचे कौलारू घर आहे. वैशाखातली वादळे आमच्याकडे पश्चिमेकडून येतात. वादळ मला घराच्या बाजूला ढकलणार आणि पश्चिमेची तार मला मागे धरून ठेवणार, असा हा हिशेब आहे. बाकीच्या तीन तारा कितीही घट्ट असल्या तरी त्या वेळी पश्चिमेच्या तारेचे काम त्या करू शकत नाहीत.

सुरुवातीचे दिवस मात्र फार गोड होते. ज्या दिवशी पहिला दिवा लागला, त्या दिवशी वच्छलाबाईने माझ्या खांबाला हळदकुंकू लावले आणि नारळ फोडला. आजूबाजूच्या गावांतून माणसे मला बघायला आली. समाजमंदिरात नळीचा दिवा आला, रस्त्यावर चार दिवे आले आणि खळ्यावर माझ्या पायाशी एक बल्ब आला. त्या बल्बखाली टोल्यातली मुले पाटी-पुस्तक घेऊन बसत. केवळरामची मुलगी गुंजन तेव्हा दुसरीत होती. ती मोठ्याने वाचायची, आणि अडली की वर माझ्याकडे बघायची. त्या पोरीला वाटायचे की मला सगळे येते. मी तिला जीव लावला, मित्रांनो. यंत्राला जीव लावता येतो की नाही, हे मला माहीत नाही.

वारा आला की माझ्या चारी तारा गुणगुणत. घर जवळ असल्याने ते वच्छलाबाईच्या कानाशीच होते. पहिल्याच आठवड्यात ती नवऱ्याला म्हणाली, "अजी, हे तं दिवसभर गुनगुनते. डोस्कं उठते ना मायं!"

"सवय होऊन जाईन वं," केवळराम म्हणाला.

आणि खरेच सवय झाली. इतकी की गुणगुण थांबली तरच तिचे लक्ष जाई.

पण त्याच वर्षीच्या मळणीत एक गोष्ट घडली. आमच्याकडे धानाचे भारे खळ्यावर आणून त्यांचे पुंजणे रचतात, आणि मग धान पसरून त्यावर बैल फिरवतात. खळ्याच्या मधोमध एक खांब लागतो, त्याला मेढ म्हणतात. मेढीला बैलांची दावण बांधायची आणि बैल तिच्याभोवती गोल फिरवायचे. आता केवळरामच्या खळ्याच्या मधोमध मीच उभी होते! माझ्यासारखी भक्कम मेढ त्याला कुठे मिळणार होती? त्याने मेढीची पूजा करतात तशी माझी पूजा केली आणि माझ्या खांबाला दावण बांधली. मला त्याचे वाईट वाटले नाही. उलट, मी खळ्याची झाले असे वाटले.

अडचण एवढीच होती की बैलांच्या वाटेत पश्चिमेची तार आडवी येत होती. पूर्वेकडची आणि बाकीच्या दोन तारा जरा उंचावरून जात, कारण त्या बाजूंना जमीन खाली उतरते. पश्चिमेची तार मात्र बैलाच्या छातीला लागे. म्हणून केवळराम मळणीपुरती ती तार ठोकळ्यापासून सोडायचा. मळणी हिवाळ्यात असते, तेव्हा वादळ नसते. शेवटचे पोते घरात गेले की तो कोनाड्यातला पान्हा आणायचा, दोन माणसे तार ओढायला घ्यायचा आणि तार पुन्हा कसायचा. मग मुन्नालालसारखा तिच्यावर पान्हा मारून आवाज ऐकायचा.

"बैलाची दावन आन ही तार, दोनी एकच," तो मुलगा रोशनला सांगायचा. "सोडली तं बांधा लागते."

तोवर माझी किंमत मात्र कमी होऊ लागली होती. मी फिरायचे ते पावसाळ्याच्या तोंडाला, थोडे दिवस. एरवी मी ढिम्म. दिवे मिणमिणत, मग बंद पडत. लोक माझी थट्टा करू लागले. कुणाला एखादा आळशी माणूस दिसला की म्हणायचे, "काय गा, चक्कीवानी उभा काऊन?" चार वर्षांत बॅटऱ्या मेल्या. नव्या बॅटऱ्यांची किंमत ऐकून ग्रामपंचायत गप्प झाली. मला उभी करायला अनुदान होते, दुरुस्त करायला नव्हते. कंपनीला निरोप पाठवले, तर कंपनीच बंद झाल्याचे कळले. सरकारी कचेरीतून उत्तर आले की यंत्र गावाच्या ताब्यात दिलेले आहे. गावाने सांगितले की यंत्र सरकारचे आहे, आम्ही त्याला हात कसा लावणार? मला उतरवायलाही खर्च होता, आणि तो कुणाच्याच वाट्याचा नव्हता. अशी मी कुणाचीच उरले नाही.

२००९ साली टोल्यावर विजेचे खांब आले आणि माझी गरजच संपली. पाती उगाच खडखडू नयेत म्हणून कुणीतरी वर चढून ती दोराने बांधून टाकली. माझे शेपूट बिजागरीत गंजले आणि एका जागी अडकले. ते अडकले तेव्हा माझे तोंड पश्चिमेला होते. तेव्हापासून ते तसेच आहे. मोठा वारा आला तर आता मी त्याच्यासमोरून बाजूला होऊ शकत नाही.

मित्रांनो, आता मी तुम्हाला माझ्या मनातली सगळ्यात मोठी भीती सांगते. मी फिरत नाही, हे टोल्याने वर्षानुवर्षे पाहिले, आणि त्यावरून लोकांनी ठरवून टाकले की आपल्याकडे वाराच नाही. असता तर चक्की फिरली नसती का? जो तो हेच म्हणू लागला. वर्षभराची सरासरी काढली तर त्यांचे खरेही आहे. वीज आणि पैसा सरासरी वाऱ्यावर मिळतात. पण पडणे सरासरीवर ठरत नाही. ते वर्षातून एखाद्याच दुपारी, घटकाभरात ठरते. माझ्याकडे बघून लोक वाऱ्याला भ्यायचे विसरले, आणि हे मला कुणाला सांगता येत नव्हते.

लाइन आल्यानंतरच्या हिवाळ्यात केवळराम तापाने गेला. शेती रोशनकडे आली. रोशन वाईट मुलगा नाही. कष्टाळू आहे, आईला जपतो. पण त्याच्या काळात बैल जाऊन ट्रॅक्टरवरचे मळणीयंत्र आले. ते रस्त्यावरून खळ्यावर आणायचे तर पश्चिमेची तार काढावीच लागे. पहिल्या वर्षी त्याने ती काढली आणि परत कसली. दुसऱ्या वर्षी पेचातला बोल्ट गवतात हरवला. मळणीयंत्राचा पट्टा कसायला म्हणून त्या यंत्रवाल्याने कोनाड्यातला पान्हा नेला, तो परत आलाच नाही. यंत्र दुसऱ्या गावी जायचे होते, घाई होती. रोशनने तारेचे टोक आणि ठोकळ्याची कडी यांच्यामध्ये बैल बांधायचा नायलॉनचा दोर ओवला, हाताने ताणला आणि दोन गाठी मारल्या.

"आता येवढ्यानं होते," तो म्हणाला. "नंतर पाहू."

पुढच्या वर्षापासून मळणीयंत्र रस्त्याच्या कडेलाच उभे राहू लागले, म्हणून तो दोर पुन्हा सोडायची वेळच आली नाही. तेव्हापासून मला बैलाच्या दोराने धरलेले आहे. दोन उन्हाळे गेले. उन्हाने नायलॉन पांढरा पडला, बोट लावले तर त्याची भुकटी निघू लागली. माझी गुणगुणही बदलली. तीन तारा गुणगुणत आणि चौथी सैल होऊन ठोकळ्याच्या कडीवर आपटे. टण्. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टण्.

वच्छलाबाईने ते पहिल्याच दिवशी ओळखले. ती बाहेर आली, दोराकडे बघितले, वर माझ्याकडे बघितले, आणि मग मागे वळून आपल्या घराच्या कौलांकडे बघितले.

"रोशन, तार नीट कर बापा. तुहा बाप हरसाल कसत होता."

"माय, जे फिरत नाई ते पडन कायले?" रोशन हसला. "इतके वर्स झाले, इथं हवा तं आलीच नाई."

ती ग्रामपंचायतीत गेली. तिथे सांगितले की सरकारी वस्तूला हात लावायचा तर वरून हुकूम यायला पाहिजे, आणि हुकूम मागायचा तर ती वस्तू कोणत्या खात्याची हे आधी कळले पाहिजे. शेजारच्या बायका म्हणाल्या, नवरा गेल्यापासून वच्छलाला उगाच भास होतात. ती घरी आली आणि एकटीनेच दोर ओढून पाहिला. ते एकट्या बाईचे काम नव्हते. दोर तिच्या हाताने तसूभरही सरकला नाही.

मग २०१४ सालच्या मे महिन्यात गुंजनचे लग्न ठरले. नवरा मुलगा अर्जुनीकडचा, सेवकराम आणि शामकलाबाई यांचा मुलगा. खळ्यावर मंडप पडला. मंडपवाल्याने कापडाचा मधला भाग उंच दिसावा म्हणून तो माझ्या खांबाला बांधला. माझ्या पायाशी ज्या जागी गुंजन पुस्तक वाचत बसायची, त्याच जागी तिचे लग्न लागणार होते. मला किती आनंद व्हायला हवा होता! पण ते कापड वाऱ्याने फुगले की मला पूर्वेकडे ओढत होते आणि मागे दोर करकरत होता. मी फक्त वाजू शकत होते. मी वाजत राहिले. खाली बँड वाजत होता.

गोरज मुहूर्ताला अजून वेळ होता. वऱ्हाड येऊन बसले होते, जेवणाची पाने मांडायची होती. तेवढ्यात पश्चिमेचे आभाळ तांबडे-काळे झाले. बांध्यांवरून धूळ उठली आणि रस्ता ओलांडून सरळ आमच्यावर आली. मंडप एका झटक्यात फुगला. खुर्च्या पडल्या, बायका किंचाळल्या, आणि सगळी माणसे आसऱ्यासाठी सगळ्यात जवळच्या घराकडे धावली. ते घर माझ्या पूर्वेला होते.

दारात वच्छलाबाई उभी राहिली. दोन्ही हात तिने चौकटीला लावले होते.

"घरात नोका येऊ! कोनीच नोका येऊ! शाळेकडे पळा! चक्की घरावर येते!"

सेवकराम सगळ्यांच्या पुढे होते, डोक्यावर फेटा, अंगावर धूळ. त्यांना आपल्या कानांवर विश्वास बसला नाही.

"इहीनबाई, पावन्याले दारातून हाकलून राहिल्या का?"

"हो, हाकलून राहिली! जा म्हनते ना!" तिने त्यांना ढकलले. खरोखरच ढकलले. मग आत जाऊन हळद लागलेल्या गुंजनला दंडाला धरून बाहेर ओढले आणि पावसात शाळेकडे पळवले. मुलीच्या आईने व्याह्याला ढकलावे, असे आमच्या भागात कुणी कधी पाहिले नव्हते.

मी झुकले, मित्रांनो. माझा खांब पूर्वेला कलला आणि मला खाली कौले दिसली. दोराचा एक पेड तुटला. मग दुसरा तुटला. त्याच वेळी मंडपाचे कापड मधोमध फाटले, माझ्या खांबापासून सुटले आणि जंगलाच्या दिशेने उडून गेले. माझ्यावरची ओढ कमी झाली. मी हळूहळू परत सरळ झाले.

थोड्याच वेळात ऊन पडले. माणसे शाळेतून परत आली, चिखलाने भरलेली, भिजलेली, अन्नाचे नुकसान बघत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी उभी होते. सगळ्यांनी घराकडे बघितले. घराचे एक कौलही हलले नव्हते.

रोशनने जाऊन दोर पाहिला. त्याने वरून पाहिला. तुटलेले दोन पेड कडीच्या खालच्या बाजूला होते, चिखलात. "पाह्य माय," तो सगळ्यांसमोर ओरडला, "दोर जसाचा तसा हाय! काय केलं हे तू?" मला वाटते, वाकून खालून बघायची त्याला भीती वाटली. खाली काही दिसले असते तर आई खरी ठरली असती, आणि ती गाठ त्याने स्वतः मारलेली होती.

लग्न लागले. पण सेवकरामांच्या घरची माणसे जेवली नाहीत. भिजलेल्या कपड्यांनी ती गाडीत बसली आणि नवरीला घेऊन गेली. वच्छलाबाई त्या रात्री जेवली नाही आणि त्यानंतर पुष्कळ दिवस कुणाशी बोलली नाही. माझा दोर दाखवायला ती पुन्हा कुणाकडे गेली नाही. टोल्यात तिच्यावरून एक नवी थट्टा सुरू झाली. ती थट्टा मी तुम्हाला सांगणार नाही.

वर्षभर गुंजन माहेरी आली नाही. तिला पाठवलेच नाही. मग तिला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे असते, तरी सेवकराम ऐकेनात. शेवटी वच्छलाबाई स्वतः त्यांच्या दारी गेली. परत आली ती घरात न जाता सरळ माझ्याकडे आली. माझ्या खांबाला हात लावून ती हळूच म्हणाली, "आता तुह्याबद्दल मले तोंड उघडायचं नाई. तसं कबूल करून आली मी. शामकलाबाई म्हनते, तो वेडेपना पुन्हा केला तं पोरगी पुन्हा दिसाची नाई तुले." मग डोळे पुसून गुंजनसाठी खोली झाडायला गेली.

ती खोली खळ्याच्या बाजूची आहे. हवेशीर म्हणून तीच निवडली. फाल्गुनात गुंजनला मुलगी झाली. आढ्याला पाळणा टांगला आहे. दुपारी दार उघडे असते तेव्हा मला तो पाळणा दिसतो आणि त्यातून बाहेर आलेली चिमुकली मूठ दिसते. ज्या पोरीने माझ्या उजेडात वाचायला सुरुवात केली, तिची ही पोर. तिच्यावर मी पडणार आहे, या विचाराने माझे लोखंड गार पडते.

दोराचा एकच पेड उरला आहे. रोशन रोज त्याच्यावरून पाय टाकून बांधीवर जातो. कालच्या दुपारी वारा जरासा उठला आणि मी वाजले. टण्. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टण्. गुंजनने पाळण्याची दोरी हलवायची थांबवली.

"माय, हे काय वाजून राहिलं?"

वच्छलाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. तिने दाराबाहेर माझ्याकडे पाहिले, मग लेकीकडे पाहिले. तिच्या ओठांवर शब्द आले होते, ते मला दिसले.

"काई नाई वं," ती म्हणाली. "तिची सवयच हाय."

आणि तिने खाली बघून पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणीतरी मोठ्या उत्साहाने उभे केलेले आणि मग विसरलेले काहीतरी असेल. एखादी टाकी असेल, एखादा खांब, एखादी कमान. ते बंद पडले म्हणून त्याचे वजन कमी होत नाही. त्याला कशाने धरून ठेवले आहे, ते एकदा वाकून, खालच्या बाजूने बघा. आणि ज्या बाईने आधी सांगितले आणि मग ती गप्प झाली, तिला पुन्हा विचारा. एवढेच माझे मागणे आहे.

तुमच्यापैकी कुणी केशोरीकडे येणार असेल, तर रस्ता संपेपर्यंत या. मी लांबूनच दिसेन. एक बोल्ट लागेल, चोवीस नंबरचा पान्हा लागेल आणि तार ओढायला दोन माणसे लागतील. पण येणार असाल तर सकाळीच या. दुपारी इथे वारा असतो.